तक्तेरावांचा सोळा तासांचा रेकॉर्डर

तक्तेरावांनी व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी रेकॉर्डर घ्यायचं ठरवलं ते सकाळचा चहा पिता पिता. चहा संपायच्या आत कुणी त्यांना अडवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण त्यांना अडवू शकणारी एकच व्यक्ती, म्हणजे बायको, तेव्हा आरशासमोर उभी राहून भाषण पाठ करत होती.

तक्तेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा ऑफिसात खरेदी विभागाचे ते हेडक्लार्क. टाचण्यांची डबी घ्यायची झाली तरी तीन दुकानांत चौकशी करायची, तुलनात्मक तक्ता बनवायचा आणि मगच निर्णय, म्हणून हे नाव. (लग्नाआधी असा तक्ता केला होता का, हे बायकोने कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.)

बायको हॉस्पिटलात नर्स. तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होणार होती आणि निरोप समारंभात जन्मात पहिल्यांदा माईकसमोर बोलणार होती. भाषण होतं तिच्या आईबद्दल, आणि आई नेमकी खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली.

"अहो, मला बाकी काही नको," बायको म्हणाली. "आईला माझं भाषण तेवढं बघायला मिळालं पाहिजे. लेकीच्या पदवीदानासारखा घोटाळा करू नका."

हे तक्तेरावांना फार लागलं. पदवीदानाला लेकीचं नाव पुकारलं आणि त्याच क्षणी कॅमेऱ्यातली टेप संपली होती. नवी टेप घालेपर्यंत लेक पदवी काखेत मारून आइस्क्रीम खात होती. घरातल्या टेपवर अजून ते आइस्क्रीमच आहे. तेव्हा टेपची कटकटच नको! कॅमेऱ्याला वायरने जोडायचा हार्ड डिस्कचा रेकॉर्डर मिळतो, कमरेच्या पट्ट्याला अडकवून हिंडता येतं, असं तक्तेरावांनी कुठेतरी वाचलं होतं.

झालं, तक्ता सुरू. वजन किती, बॅटरी किती, किती तास मावतात. एक रकाना त्यांनी स्वतःच्या डोक्याने घातला, 'किती उंचीवरून पडल्यास चालेल'.

"साहेब, तुम्हाला रेकॉर्डिंग करायचंय की पाडायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"माहिती असलेली बरी."

"बरं, तुमच्या कॅमेऱ्याला कुठली वायर बसते?"

हा रकाना तक्त्यात नव्हता. तक्तेराव घरी गेले, बघून आले, दुकानात पोचेपर्यंत विसरले, परत गेले. चौथ्या खेपेला दुकानदाराने हात जोडले. "अहो साहेब, कॅमेराच घेऊन या ना!"

शेवटी सोळा तासवाला रेकॉर्डर घेतला. समारंभ दोन तासांचा होता, पण कमी पडायला नको. दुकानदाराने नीट बजावलं, "कॅमेऱ्याचं बटण दाबलं की हा चालू, पुन्हा दाबलं की बंद. याच्या अंगावरच्या बटणाला मात्र हात लावू नका."

"जोडीला एक टेपही घालून ठेवा हो," बायको म्हणाली.

"टेप?" तक्तेरावांचा चेहरा असा झाला की जणू तिने त्यांना परत शाळेत बसायला सांगितलं होतं. "अगं, सोळा तास आहेत माझ्याकडे!"

समारंभाला जाताना त्यांनी रेकॉर्डरच्या अंगावरचं बटण एकदाच, अगदी हलकेच, दाबून पाहिलं. (हात लावू नका म्हटल्यावर कोण थांबतो?) मग तो चामड्याच्या पिशवीत घालून पट्ट्याला अडकवला आणि ऐटीत हॉलमध्ये शिरले.

मोठ्या डॉक्टरांचं भाषण चालू असताना बायको त्यांच्याकडे आली ती पांढरीफटक पडून. "अहो, मला एकही शब्द आठवत नाहीये. मी घरी जाते."

तक्तेरावांनी बटण दाबून कॅमेरा थांबवला आणि तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. कॅमेरा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. वायर हातभरच, त्यामुळे त्यांना तिथेच चिकटून उभं राहावं लागलं. "इथे कुणी नाही. मला म्हणून दाखव."

आणि तिने म्हटलं. प्रशिक्षणाला जायला घरात सगळ्यांचा विरोध होता, आई एकटी पाठीशी उभी राहिली. ट्रंक उचलून ती स्टँडवर आली आणि म्हणाली, आता मागे बघायचं नाही. "मी बघितलंच," बायको म्हणाली. "मला वाटलं, आई रडत असेल. ती हमालाशी भांडत होती." इथे तिला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. तक्तेरावांनाही भरून आलं. मग डोळे पुसून ती आत गेली आणि असं बोलली की हॉल उभा राहिला. तक्तेरावांनी सगळं टिपलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या खोलीत टीव्हीला वायर जोडली. सासूबाई पाठीशी दोन उशा घेऊन, चष्मा दोनदा पुसून तयार होत्या.

पडद्यावर आधी बूट दिसले. चांगली चार मिनिटं. मग तक्तेरावांचा आवाज आला, "टेपचे दिवस गेले हो आता!"

"हे तुमचे बूट," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, भाषण कुठंय?" बायकोचा आवाज चढला.

तक्तेरावांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. त्या एका हलक्या बोटाने सगळं उलटं झालं होतं. चालू करायला बटण दाबलं की रेकॉर्डर बंद पडत होता, बंद करायला दाबलं की चालू होत होता. हॉलमधल्या भाषणाचा एक शब्दही आत नव्हता. बायको तोंड फिरवून बसली.

तेवढ्यात पडद्यावर तक्तेरावांचं पोट उगवलं. गळ्याच्या वर काही नाही, पट्ट्याच्या खाली काही नाही, मधे शर्टाचं एक सुटलेलं बटण आणि बनियन. आणि त्यावर बायकोचा आवाज, स्पष्ट, कापरा. ट्रंक आली, स्टँड आला, हमाल आला. अकरा मिनिटं ते पोट हुंदक्यांनी गदगदत राहिलं आणि भाषण शेवटपर्यंत झालं.

सासूबाईंनी चष्मा काढला. लेकीचा हात हातात घेतला. "हमाल लबाडच होता मेला," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले.

"जावईबापू, पुन्हा लावा."

तक्तेरावांच्या जिवात जीव आला. "लगेच लावतो!"

"पण आधी टीव्हीवर एक टॉवेल टाका."

तक्तेराव निमूट उठले, कपाट उघडलं आणि सवयीप्रमाणे विचारलं, "कुठला टाकू? पातळ आहे, मध्यम आहे..."

"जाड," मायलेकी एकदम म्हणाल्या.