धोंडीभाऊंची उलटी बाग

आमचे शेजारी धोंडीभाऊ रोज सकाळी परसबागेचा फोटो मला पाठवतात आणि तो बघून मला रोज घेरी येते. मोगरा निळा, माती पांढरी, आभाळ नारिंगी, आणि झाडाच्या बुडाशी सावली पडावी तिथं लख्ख उजेड! जुन्या रोलच्या निगेटिव्हसारखं सगळं उलटं. ऊन कुठलं नि सावली कुठली, काही म्हणता काही उमगत नाही.

"भाऊ, मोबाइल बिघडला का?" मी विचारलं.

"तुमची नजर बिघडली. सरळ तर कुणीबी बघतंय, राव!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. माणूस पारगावचा, सगळा जन्म उसात गेलेला. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही त्यांना नवरीच्या आधी मागचा ऊस दिसतो. अशा माणसाला उतारवयात कलेचा झटका यावा? मी फोटो आडवा धरला, उभा धरला, चष्मा काढून पाहिला. एकदा वाटलं, जमलं, ही जास्वंद! ती गोठ्यातली पेंड निघाली.

वहिनी हृदयाच्या ऑपरेशननंतर नाशिकला लेकीकडे आहेत. बाग त्यांची. भाऊंना फक्त पाणी घालायला सांगून गेल्या होत्या. फोटो आधी त्यांना जातो, मग मला. शेवटी न राहवून मी कुंपण ओलांडून बागेतच गेलो. मोगरा, गुलाब, जास्वंद, सगळं करपून त्याच्या काटक्या झालेल्या.

"युरिया घातला," भाऊ खालमानेनं म्हणाले. "उसाला घालतो तसा. म्हटलं, ती यायच्या आत बाग लई फुलवावी."

"मग हे फोटो?"

"डॉक्टर म्हणला, तिच्या जिवाला घोर लावू नका. सरळ फोटोत वाळल्यालं कळतंय. उलट्यात जितं नि मेल्यालं सारखंच दिसतंय."

"आणि वहिनी काय म्हणतात?"

"म्हणती, कळत काय न्हाई, पण रोज पाठवा."

तेवढ्यात वहिनींचाच फोन आला. भाऊंना कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर.

"बाग पुरं झाली," त्या म्हणाल्या. "आता तुमचा फोटो धाडा. सरळ धाडा."

भाऊंनी टोपी झटकून घातली, वरचं बटण लावलं आणि करपलेला गुलाब पाठीशी लपवून उभे राहिले. मी फोटो काढून दाखवला. गालफडं आत गेलेली, डोळे खोल. वहिनी गेल्यापासून माणूस निम्मा झाला होता.

भाऊंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला आणि मला परत दिला.

"ह्यो बी उलटा करा, राव," ते म्हणाले.