नानांचा कापडी स्पीकर

आमच्या शेजारचे नाना कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती बोटाच्या पेराने ठोकून पाहतात. टरबूज आपण सगळेच ठोकतो. नाना दार ठोकतात, आणि तेही कुणी उघडावं म्हणून नव्हे, लाकूड खरं आहे की नाही ते कळावं म्हणून. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी सोफा, टीपॉय आणि टीव्हीखालचं नवंकोरं कपाट ठोकलं, कान लावला आणि निकाल दिला, "पोकय शे, सर." त्यांच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणजे सगळं पोकळ. बायकोने त्या दिवशी त्यांना दुसरं बिस्कीट विचारलं नाही.

नाना मूळचे साक्रीकडचे. फायबरचे कूलर बनवणाऱ्या धुळ्यातल्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. आता निवृत्त होऊन धुळ्याच्याच देवपुरात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. घरात दोघंच, ते आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते. दूधवाला, गॅसवाला, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, नानांच्या लेखी बठ्ठा, म्हणजे सगळेच, चोर. मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ पाहतात, पण ते करणाऱ्यांवरही भरवसा नाही. "हात दखाडस, तोंड नही दखाडत. मी भरोसा कसा करू?"

खरं सांगायचं तर मीही काही कमी नाही. मी शाळेतला माणूस. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घातल्या आहेत. कुणी मान खाली घालून बसलं की मला मांडीवरची कॉपीच दिसते. त्यामुळे नानांवर माझी नजर होती, आणि त्याला कारणही होतं.

नाना घरात ओरडत. गेली दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. "चहा ले!" "गोयी लिधी का?" शब्द साधेच, पण आवाज असा की आमच्या मांडणीवरच्या वाट्या हलाव्यात. अक्कांचा आवाज मात्र कधीच यायचा नाही. पूर्वी त्या गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालता घालता माझ्या बायकोशी अख्खी सकाळ बोलत. आता दारातही दिसेनात. एकदा दिसल्या, तर डोळे लाल. या म्हाताऱ्याने बिचारीचं जगणं नकोसं केलंय, हे मी मनाशी पक्कं केलं.

त्यात यंदाच्या उन्हाळ्यात नानांनी मागच्या अंगणात ताडपत्री बांधली. आत लाकडाची एक खुर्ची नेली. मग तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे आणि नेलपॉलिशच्या शंभर बाटल्या एकदम फुटाव्यात तसा वास. मी गच्चीवरून वाकून पाहिलं. खुर्चीच्या पाठीला वरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी दोन गोल लाकडी कड्या ठोकलेल्या, बरोबर माणसाचं डोकं मधे येईल अशा. विजेची खुर्ची म्हणतात ती हीच की काय, असं मला वाटलं.

"नाना, काय चाललंय?"

"काही नही."

"मग खुर्ची कशाला?"

"बसाले." मग वर बघून, "तुमी वरथून कसाले दखतस? फोटो काढी ऱ्हायनात का?"

मी त्यांची कल्पना चोरून बाजारात विकीन अशी त्यांना धास्ती होती. पण कारागिराला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार दिवसांत त्यांनीच मला आत बोलावलं. "स्पीकरनी पेटी शे."

पेटीच्या नावाने मला तर नुसतं कापड दिसत होतं. पांघरुणाला असतं तसं मऊ फ्लीस त्यांनी कड्यांवरून खुर्चीच्या पाठीपर्यंत ताणून ठोकलं होतं. आता त्यावर रेझिन, म्हणजे फायबरचं चिकट द्रव, पाजायचं, कापड ते पितं आणि वाळलं की दगड होतं. आतून फायबरच्या जाळीचे थर द्यायचे, वरून पुट्टी, मग घासकाम. खुर्चीला वळण असतं, तिथे लाकडाची चौकोनी पेटी बसत नाही. कापड मात्र नेऊ तसं वळतं. हे कापड त्यांनी जळगावहून आणलं होतं, कारण "धुयाना बठ्ठा दुकानदार एकमेकस्ना व्याही शेतस." जळगावच्या दुकानात त्यांनी एकेका थानावर पाण्याचे थेंब सोडून कुठलं कापड किती पितं ते पाहिलं. दुकानदाराने हात जोडले तेव्हा कुठे उठले.

"तयार पेटी मिळते की, नाना."

"भुसानी फयी ऱ्हास ती. पोकय!"

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, नुसत्या ओरडण्याने याचं भागत नाही, आता लाउडस्पीकर लावून त्या बाईला झापणार. बायको म्हणाली, तुम्ही पेपर तपासा.

मग एका दुपारी एक प्रकार घडला. रेझिन आळावं म्हणून त्यात हार्डनर घालतात. उन्हाळ्यात ते थोडंच लागतं, आणि कूलरच्या कारखान्यात हयात घालवलेल्या नानांना हे माझ्यापेक्षा बरं ठाऊक. पण दुकानदाराने हार्डनरमध्ये भेसळ केली असणार, या संशयाने त्यांनी दुप्पट ओतलं. हार्डनर अस्सल निघालं. बाहेर धुळ्याचं ऊन, आत डबा तापून खदखदायला लागला आणि ताडपत्रीखालून पांढरा धूर निघाला. मी बादली घेऊन धावलो. तोवर नानांनी पकडीने डबा उचलून वाळूत ठेवला होता. त्यात ब्रश उभाच्या उभा थिजला होता.

धूर ओसरला, पण माझं डोकं तापलेलंच होतं. "नाना, पुरे करा आता. अक्कांवर एवढं ओरडता ते कमी पडतं का? आणखी स्पीकर कशाला हवा?"

नाना तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाले, "तिले आयकू येत नही, सर."

डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज गेला, जाडा थोडा शिल्लक आहे. कानातलं यंत्र आणलं, पण त्यात भांड्यांचाच आवाज डोक्यात जातो म्हणून अक्कांनी ते काढून ठेवलं.

"मंग ओरडनं पडस. मी ओरडस, तं तिले वाटस मी रागावस. मना तोंडकडे दखस आनि रडस." नानांनी हातातले मोजे काढले. "चाळीस वरीसमा मी तिनावर कधी आवाज चढावा नही, सर. माले हयू बोलनं शे. कानजवय."

मला माझी लाज वाटली. दोन वर्षं भिंतीला कान लावून मी सगळं ऐकलं होतं आणि एकही गोष्ट मला कळली नव्हती. हातातली बादली कुठे ठेवावी तेही सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून मी घासकामाला जाऊ लागलो. नाना माझ्यामागून हात फिरवून पाहत आणि मी घासलेलं पुन्हा घासत. आठ दिवसांनी पेटी पुरी झाली. गुळगुळीत, काळी, खुर्चीच्या पाठीतूनच उगवल्यासारखी. आत दोन स्पीकर बसले, वायर स्वयंपाकघरापर्यंत गेली.

अक्कांना खुर्चीत बसवलं. त्या माझ्याकडे बघून कसनुसं हसल्या. ऐकू न येणारा माणूस हसतो तसं. नाना माइक घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी बैठकीच्या दारात उभा राहिलो.

"सुमन," स्पीकरमधून आवाज आला. इतका खालचा की तो नानांचा आहे हे मला क्षणभर पटेना. अक्का दचकल्या. त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन पेटी चाचपली.

"सुमन, मी रागायेल नही शे."

अक्कांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं, लाजल्या आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, "जरा हयू बोला ना. सर उभा शेतस दारमा."