वादीकाका आणि जळकोटचा धबधबा

आमच्या घराचा जिना धोक्याचा नाही, जिन्याखाली उभा असलेला माणूस धोक्याचा आहे. तुम्ही बादली घेऊन उतरत असा, नाहीतर माझ्यासारख्या गुडघे धरून; आमचे भाडेकरू व्यंकटराव खाली दोन्ही हात वर करून हजर. "यल्ला, यल्ला! आरामशीर या. मागं रेला. पायाकडं बघू नका. खाली मी हाय!" एकदा दूधवाला खरोखरच मागं रेलला. दूध पायऱ्यांवर आणि दूधवाला यांच्या अंगावर. तरी वर मलाच विचारतात, "बघा बाई, धरला का न्हाई?"

मी लातूरची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. भूकंपानंतर आमच्या गल्लीत दुसरा मजला चढवायची कुणाची छाती नव्हती. छपराखाली झोपायलाच जीव घाबरायचा. मग क्लासेस आले, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरली, आणि लोकांची भीती कुठल्या कुठे पळाली. पैशापुढे भूकंपानंसुद्धा नांगी टाकली म्हणायची. मीही तीन मजले चढवले. खोल्यांत आया राहतात; लेकरू क्लासला गेलं की दिवसभर भाकरी थापतात आणि एकमेकींच्या लेकरांचे मार्क विचारतात. व्यंकटराव हे माझ्याकडे राहायला आलेले पहिले आणि देवाच्या कृपेनं शेवटचे बाप.

गडी शिरूर अनंतपाळकडचा, पण कित्येक वर्षं मस्कतला होता. ते 'यल्ला' तिकडचंच, अरबीत 'चला'. काय करत होता विचारलं, तर म्हणे, "टूरिझम." खोदून खोदून विचारल्यावर उलगडा झाला. तिकडे वाळवंटात खडकाच्या घळी असतात, त्यांना वादी म्हणतात. आत कुठंतरी धबधबा असतो. हौशी लोक पैसे देऊन त्यातून दोरीला लटकत खाली येतात; त्याला रॅपलिंग म्हणायचं. हे खाली दोरीचं टोक धरून उभे. वरच्याचा हात सुटलाच, तर यांनी दोरी ताणायची, म्हणजे तो जागच्या जागी अडकतो. झालं टूरिझम!

"तुम्ही कितीदा उतरलात?" मी विचारलं.

"छ्या! मला उंची सोसत न्हाई बाई."

पण तोरा काय विचारता! नळाला पाणी नाही म्हटलं की वादी, भाजी महाग झाली की वादी. शेजारचे आजोबा गेले, तिरडी जिन्यावरून उतरवत होते, तर हे खाली उभे राहून खांदेकऱ्यांना सांगताहेत, "आरामशीर! मागं रेला!" रडणाऱ्या सुनेला हसू फुटलं, ते तिच्या नणंदेनं अजून माफ केलेलं नाही. पोरं त्यांना वादीकाका म्हणायची. त्यात चिडवणं किती होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची मुलगी ऋतुजा. हे परदेशी गेले तेव्हा दुसरीत होती, परत आले तेव्हा बारावीत. आई गावाकडे शेत आणि सासू सांभाळत होती, म्हणून खोलीवर हे आले. पोरीचा सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी अभ्यासिका, रविवारी टेस्ट. जेवायला बसली की ताटाशेजारी पुस्तक.

"भाजी बरी हाय का?"

"हं."

"मीठ?"

"हं."

"आज काय शिकवलं?"

"पप्पा, प्लीज!"

संपला बाप-लेकीचा संवाद.

एकदा हे माझ्या ओट्यावर येऊन बसले. "बाई, पोरीसंगं एक दिवस काढायचाय. पुरा एक दिवस. पण क्लासवाले सुट्टीच देईनात."

मी म्हटलं, "थांबा की थोडं. तिच्या लग्नात भेटेलच."

माणूस वेडा असला तरी कामाचा वेडा असतो. थेट क्लासच्या सरांना जाऊन भेटले. म्हणाले, "सर, पोरं दोरीवरून उतरली की भीती मरती. भीती मेली की मार्क वाढत्यात." मार्क हा शब्द ऐकला की सर गाढवालाही खुर्ची देतात. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! चौथ्या दिवशी चौकात बोर्ड लागला: 'रॅपलिंग फॉर रँकिंग.' ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा खोकतो, त्या गावाला वाळवंटातून आलेला माणूस धबधबा दाखवणार! मी पोट धरून हसले. मग कळलं की मुलींच्या सोबतीला बाई माणूस हवं, आणि ते मी.

जळकोटच्या पुढं डोंगरात एका नाल्याला कडा आहे. उंची माझ्या घराएवढी. आणि धबधबा म्हणाल, तर आमच्या टाकीचा पाइप फुटला तरी याहून जास्त पाणी पडतं. वर पुण्याहून आणलेले दोन मुलगे होते, शिकाऊ नव्हेत, चांगले तयार. हेल्मेट, पट्टे, दोऱ्या सगळं त्यांचं. खाली आमचे व्यंकटराव. एकेक पोर किंचाळत उतरत होतं आणि यांची टकळी चालू: "यल्ला! मागं रेला! खाली मी हाय!" अर्धी पोरं त्यांची नक्कल करत उतरली.

मग ऋतुजा आली. यांनी पँटला हात पुसले, दोरी पुन्हा नीट धरली. पोरगी अर्ध्यावर आली आणि थांबली.

"यल्ला बेटा! आरामशीर! मागं रेला, पायाकडं बघू..."

"सगळ्यांना सांगता तेच मला सांगू नका!" ती वरून ओरडली.

व्यंकटरावांचं तोंड उघडं ते उघडंच. मला तर वाटलं, पुढं होऊन गदागदा हलवावं: आता बोला की हो, एरवी तर तोंडाला खीळ नसते!

वरच्या मुलानं विचारलं, "ओढून घेऊ का हिला वर?"

"नको!" बाप आणि लेक एकदमच ओरडले.

मग हे बोलले. आवाज एवढा खाली गेला होता की मला दोन पावलं पुढं व्हावं लागलं. "ऋतू, मला तुझ्यासंगं काय बोलावं ते कळत न्हाई गं. रोज ठरवून बसतो, आन् तोंडातून मीठच निघतंय. तू मोठी झालीस ते मी बघितलंच न्हाई. म्हणून ही सहल काढली. मार्कबिर्क काय वाढत न्हाईत याच्यानं."

सर आले नव्हते, ते एक बरं झालं.

पोरगी वर रडत होती की हसत, खालून कळत नव्हतं. पण उतरायला लागली. हे नुसती दोरी सैल सोडत राहिले. तिचे पाय जमिनीला लागले तरी यांच्या मुठी दोरीवरून सुटेनात. शेवटी तिनंच त्यांचं एकेक बोट सोडवलं.

येताना बसमध्ये ती त्यांच्याशेजारी बसली. मी पुढच्या बाकावर, कान मागं. खोटं कशाला सांगू?

"पप्पा, मस्कतला कसं असायचं?"

हे लगेच सावरून बसले. "वादी म्हणजे बघ..."

"ते नाही. सगळे लोक निघून गेल्यावर."

यांनी खिडकीची काच ओढून लावली. मग म्हणाले, "ओल्या दोऱ्या वाळत घालायच्या. तुला फोन लावायचा. तुझी आई म्हणायची, झोपली. मग खोलीवर जाऊन बसायचं. लई एकटं वाटायचं बघ."

"मी झोपलेली नसायचे," ऋतुजा म्हणाली. "मलापण काय बोलावं ते कळायचं नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. क्लासचे सर. "बाई, कुठवर आलात? सातला टेस्ट ठेवलीय, पोरांना थेट क्लासवर आणा."

लातूरचे दिवे समोर दिसत होते. मी म्हटलं, "टायर पंक्चर झालंय सर. स्टेपनी पण नाही." आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

मग ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक केलं. "ए बाबा, औशाकडनं वळसा घालून घे की जरा."