दुसऱ्या पाळीचं मशीन

वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं ते दर्शनाच्या मनगटांमुळे. यापुढे कपडे पिळाल तर हातात चमचा धरायचीही पंचाईत होईल, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट बजावलं होतं. सासूबाईंचं, म्हणजे सुभद्राबाईंचं म्हणणं असं, की लालबागच्या नाक्यावर दोन टबांचं स्वस्तातलं मशीन मिळतं, तेवढं पुष्कळ झालं. दर्शनाला मात्र समोर गोल दार असलेलं, मोबाइलवरून चालणारं, गाणं वाजवून सुरू होणारं महागडं मशीनच हवं होतं. दोन टबांच्या मशीनमध्ये ओले कपडे हातांनीच या टबातून त्या टबात टाकायचे, मग मनगटांना सुख ते कसलं? नवरा प्रितम दोघींच्या मध्ये बसून टीव्ही बघत होता. त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि आपलं मत नेमकं काय आहे हे त्यालाही आठवत नव्हतं.

एका शनिवारी दादरच्या दुकानात दर्शनाला ते महागडं मशीन जवळजवळ दोन टबांच्या मशीनच्या भावात दिसलं.

"यात काही बिघाड आहे का हो?"

"नाही हो ताई. या पंधरवड्यात दुकानात कुत्रं फिरकत नाही, म्हणून मालकांनी सूट काढलीय. घेऊन टाका."

या पंधरवड्यात गिऱ्हाईक का फिरकत नाही, हा विचार सवलतीच्या आनंदात तिच्या मनाला शिवलाही नाही. संध्याकाळपर्यंत मशीन चाळीत आलं, मेकॅनिकने ते जोडलं, दर्शनाच्या मोबाइलवर ॲप टाकून चालवून दाखवलं आणि तो निघून गेला. सुभद्राबाईंनी आधी मशीनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे.

"चेडवा, पितृपक्षात वस्तू हाडलंस?"

"आई, सूट होती."

"हे पंधरा दिवस पितरांचे. ह्या दिवसांत हाडलेली वस्तू आपली नाय होत. त्यांची होता."

"काय पण बोलतेस आई!" प्रितम हसला. "एवढं मोठं मशीन वर कोण नेणार?"

"वर कित्याक नेतले? तेच खाली येतले."

रविवारी जेवणं आटोपून सगळे आडवे झाले होते. मशीन रिकामं होतं, बंद होतं. अचानक त्याचे दिवे लागले. गाणं वाजलं. दाराची कडी आपोआप कट्‌कन लागली आणि आतला रिकामा पिंप हळूहळू फिरू लागला, एकदा इकडे, एकदा तिकडे, कोणीतरी अंदाज घेत असल्यासारखा. प्रितम उठून बसला आणि उगाचच आईच्या मागे सरकला.

गाणं ऐकून शेजारचे रघूकाका बनियनवरच धावत आले. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"तीन वाजले," त्यांचा आवाज खाली आला. "दुसरी पाळी. वैनी, भिवा अख्खी जिंदगी दुसऱ्या पाळीला होता ना? एक मिनिट कधी लेट नाय."

भिवा म्हणजे प्रितमचे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पंधरा मिनिटांनी मशीनने पुन्हा गाणं वाजवलं आणि ते शांत झालं. सोमवारी तीन वाजता तेच. मंगळवारी तीन वाजता तेच.

बुधवारी सकाळी दर्शना मन घट्ट करून चादरी आत कोंबायला गेली, तर सुभद्राबाईंनी तिचा हातच धरला.

"सासऱ्याच्या पोटात आपले कपडे भरतंस?"

दर्शना बादली घेऊन मोरीत बसली. घरात एवढं महागाचं मशीन, आणि तिची मनगटं पहिल्यापेक्षा जास्त सुजली. इकडे सुभद्राबाई रोज पावणेतीनला मशीनसमोर पाट मांडून चहाचा कप ठेवू लागल्या. तीन वाजले की त्याच्याशी बोलत बसायच्या. रघूकाकांच्या गुडघ्यापासून प्रितमच्या बढतीपर्यंत सगळं सांगायच्या. हयात असताना नेमके तीन ते अकरा हे घरात नसायचे, घरी असले की झोपलेले असायचे. बोलायचं चाळीस वर्षांचं साचलं होतं.

शेवटी वैतागून दर्शनाने ऑफिसातून मेकॅनिकला फोन लावला.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला, "डेमो देताना रोज तीनचं टायमिंग लावलं होतं, काढायचं राहून गेलं. ॲपमध्ये जाऊन डिलीट मारा ना."

दर्शनाला हसावं की रडावं कळेना. तिने हुशारीने सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी ते टायमिंग काढून टाकलं. सगळे पितर परत जातात, त्यात हेही गेले, कोणाला वाईट वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी घटस्थापनेची तिला सुट्टी होती. पावणेतीनला पाट मांडला गेला. तीन वाजले. मशीन गप्प. तीन वाजून पाच मिनिटं झाली. सुभद्राबाईंनी निवत चाललेल्या चहावर बशी झाकली.

"माझ्यावर रागावले काय गो?" त्या हळूच म्हणाल्या. "मी कालच जरा जास्त बोललंय."

आपण हे काय करून बसलो असं दर्शनाला झालं. पदराआड मोबाइल धरून तिने बटण दाबलं. दिवे लागले, गाणं वाजलं. म्हातारीचा चेहरा असा उजळला, की दर्शनाला तिकडे बघवेना.

"अमावास्येक सगळे गेले, हे रवले," सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ओव्हरटायमाची सवय ती!"

झालं, त्या दिवसापासून दर्शनाच्या गळ्यात ही नोकरी पडली. परळच्या ऑफिसात असो, बँकेच्या रांगेत असो, तीन वाजले की गुपचूप मोबाइल काढायचा आणि सासऱ्यांना पाळीवर पाठवायचं. हे प्रितमलाही सांगायची सोय नव्हती, त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यातच सुभद्राबाईंनी जाहीर केलं, की दसऱ्याला ते दोन टबांचं मशीन आणायचं, हे ह्यांना राहू दे. एका खोलीत दोन मशीनं! प्रितम आपला पलंग विकायच्या गोष्टी करू लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात ऑडिट निघालं. दर्शनाचा मोबाइल बाराच्या सुमारास मान टाकून बंद पडला होता, आणि तिला वेळेचं भान आलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते. सहाला ती धापा टाकत तीन जिने चढली. सुभद्राबाई दारातच शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, आज तीन वाजता..."

"इले मां. तीनच्या ठोक्याक इले."

दर्शना चौकटीला धरून उभी राहिली. ॲप तिच्या एकटीच्या मोबाइलमध्ये, मोबाइल पर्समध्ये मेलेला. प्रितम कामावर. सुभद्राबाईंना मिक्सरचं बटण दाबायचं झालं तरी त्या शेजारणीला हाक मारत.

"कोणी... कोणी चालू केलं, आई?"

"चालू कोण करतलो? येतत ते." सुभद्राबाईंनी शेंगांवरून मान वर केली नाही. "आज माझ्याशी बोलले. म्हणाले, सुनेक सांग, हापिसात कामां टाकून रोज बटण दाबीत बसा नको. पोरीची मनगटां आधीच सुजली हत. उद्यापासून धुणां ह्याच्यातच टाकूचा. दुसरा मशीन हाडू नको, जागा खय आसा?"

कोपऱ्यात मशीन काळोखात गोल दार उघडं टाकून उभं होतं. दर्शनाने मोरीतली बादली उचलली आणि पाय ओढत मशीनपर्यंत गेली.

"आणि ऐक," सुभद्राबाई मागून म्हणाल्या, "रंगीत वेगळे घाल म्हणाले. कच्चो रंग ते बरोबर वळखतत."

दर्शनाने बादलीतला लाल टॉप बाजूला काढला.