महादेवरावांची मोरी

पाहुण्यांनी धुळीचे पाय घेऊन माडी चढू नये, एवढ्यासाठी महादेवरावांनी खाली ओसरीलगत नवी मोरी काढायचं ठरवलं. त्यांच्या मुलीला, शकुनला, पाहायला तेल्हाऱ्याहून मुलाचे वडील शेषराव यायचे होते. घर तोलामोलाचं, मुलगा मॅट्रिक. हे स्थळ हातचं गेलं तर बायको वच्छलाबाई जन्मभर ऐकवतील, ही महादेवरावांना धास्ती होती.

माडीवरच्या स्वयंपाकघराचं सांडपाणी नेणारा बिडाचा नळ भिंतीलगत उतरलेला होताच. तो मधेच कापून फाटा असलेला तुकडा, म्हणजे ब्रँच, बसवायची आणि मोरी तिला जोडायची. वच्छलाबाई म्हणाल्या, मिस्त्री बोलवा. महादेवराव हसले. पाण्याचं त्यांच्याइतकं अख्ख्या अमरावतीत कोणाला कळत नव्हतं. (असं त्यांचं मत. इतरांना विचारायची वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती.)

"पानी म्हंजे पानी. मातीच्या पाटात काय, अन् बिडाच्या नळात काय!"

नळ कापताना भिंतीचा गिलावा आणि त्यांच्या अंगठ्याचं नख एकदमच गेलं. मोरीतलं पाणी नळात जायचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हातांचा सगळा जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला. फाटा काढला की पाणी पाटातून वाफ्यात वळलंच पाहिजे, अशा बेताने त्यांनी तो बसवला. साहजिकच तुकडा उलटा झाला आणि सांधा जुळेना. महादेवरावांनी कारखानदाराला शिव्या घातल्या, भेगांत ताग कोंबला आणि वर सिमेंट थापलं.

"बाबा, हे उलटं तं नाही?" शकुनने विचारलं. "वरचं सारं पानी मोरीतच उतरन."

"तू पोहे कर. पानी मले शिकवू नको."

शेषराव आले. महादेवरावांनी त्यांना आधी मोरी दाखवली (मुलगी नंतर).

"सोताच्या हातानं बसवली पाहा! अन् पोरगी म्हणान, तं अगदी माह्यावर गेली."

शेषराव पाय धुऊन, पांढरंशुभ्र धोतर सावरत होते. तेवढ्यात माडीवर वच्छलाबाईंनी वांग्याच्या भाजीची कढई विसळून ओतली. मोरी गुरगुरली. पाठोपाठ राख, तेल आणि वांग्याची देठं घेऊन पाणी बाहेर उसळलं आणि शेषराव गुडघ्यापर्यंत रंगले.

महादेवरावांनी सवयीने फावडं घेतलं आणि चिखलाचा बांध घातला. पाणी मोरीत तुंबलं आणि ओसरीवरच्या गादीकडे वळलं.

"पाव्हण्यायचे पाय धुतले काय?" वरून वच्छलाबाईंनी विचारलं.

"हो बाई, दोनदा!" शेषराव ओरडले.

शकुनने धावत माडीवर जाऊन आणखी पाणी ओतणाऱ्या आईचा हात धरला, घागरीतलं स्वच्छ पाणी आणलं, पंचा दिला आणि जाताजाता बापाचा बांध पायाने फोडला.

"हा नळ उलटा हाय, हे कोणालेच समजलं नाही काय?" पाय पुसत शेषराव म्हणाले.

"मले समजलं होतं जी," शकुन म्हणाली. "सांगतलं बी होतं."

महादेवरावांनी डोळे मिटले. स्थळ गेलं, गादी गेली, आता जन्मभर ऐकायचं.

"पोरगी पसंत हाय," शेषराव म्हणाले.

महादेवरावांनी फावडं टाकलं आणि छाती फुगवली. "म्हणलं होतं ना म्या, पोरगी माह्यावर..."

"थे खोटं निघालं," शेषरावांनी पंचा पिळला. "म्हणूनच पसंत."