नानासोंचं मरण आणि केरबा हवालदार

"यंदाच्या नाटकात आंधळ्यालासुद्धा सगळं दिसणार!" पंचाहत्तर साली नानासोंनी अख्ख्या रहिमतपुरात छातीठोकपणे सांगून टाकलं.

कारण होते त्यांचे सासरे, लालासाहेब. पासष्टच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते. हौशी मंडळाच्या कौटुंबिक नाटकात नानासो दरवर्षी बाप व्हायचे आणि तिसऱ्या अंकात मरायचे. तेव्हा मांडवात एकटे लालासाहेब रडायचे. बाकीचे शेंगा खायचे! अशा एकुलत्या एका रसिकाला आपला मुद्राभिनय कळू नये, हे नानासोंच्या जिवाला लागलं होतं. म्हणून गावातल्या सहा अंधांना पुढच्या सतरंजीवर बसवायचं आणि रंगमंचावर घडेल ते कुणीतरी सांगत राहायचं, असं ठरलं.

माणूस निवडला केरबा हवालदार. तोफखान्यातला! टेकडीवर बसून गोळा नेमका कुठं पडला हे कळवण्यात त्याची उभी नोकरी गेलेली.

"दिसंल तेच सांगायचं न्हवं?" केरबानं विचारलं.

"अगदी तेच!" नानासो म्हणाले. इथंच घात झाला.

पडदा वर गेला.

"नानासो आलं. मिशी डाव्या अंगानं दोन बोटं सुटलीया!"

नानासोंनी मिशी दाबली.

"दाबली. परत सुटली!"

पोरगा घर सोडून निघाला. नानासो निःशब्द उभे राहून आतल्या आत जळू लागले.

"काय करत्यात?" लालासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाई. पाठ इसरल्यागत हुबं हायत."

शेंगा बाजूला ठेवून सगळा मांडव केरबाचं ऐकू लागला. शेवटी नानासो छाती धरून पलंगावर कोसळले.

"मेलं का?" लालासाहेबांनी उपरणं डोळ्यांकडे नेलं.

"अजून न्हाई. प्वाट वरखाली हाय."

नानासोंनी श्वास कोंडला.

"आता थांबलं... न्हाई, न्हाई! डास मारला!"

लोक हसून हसून लोळायला लागले. नानासो ताडकन उठले. "केरबा, मी मेलोय रं!"

"उठून बसलं," केरबानं कळवलं.

पडदा पाडावा लागला. नानासो घामाघूम होऊन सतरंजीकडे धावले. गाव हसलं तर हसू दे, हा एक माणूस हातचा जायला नको होता!

"मामा, केरबाचं मनावर घेऊ नका. नाटक कसं वाटलं?"

लालासाहेबांनी चाचपून जावयाचा खांदा धरला.

"पाव्हणं, नऊ वर्सं नुसतं ऐकत हुतो, तवा तुमी लय मोठं नट वाटायचासा. आज दिसलासा."