शेजारची सीट

एका बुटाचा सुटलेला तळवा.

बसल्यामुळे चपटं झालेलं उकडलेलं अंडं.

भरती, रविवार: दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

"बाबा, तुमच्याशी बोलायचंय." सकाळपासून तीनदा.

त्याचं असं झालं. मास्तरांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, ती शेजारच्या सीटवर बसून, पाय जादा ब्रेकवर ठेवून. त्या रविवारी ते लेकीबरोबर फिरायला निघाले, ती समुद्राकाठच्या कड्यावरची पायवाट होती एका माणसापुरती. पण मास्तर लेकीच्या मागून चालतील तर शपथ! ते काटेरी झुडपांतून तिच्या शेजारूनच चालले, आणि उतारावर तिनं जरा वेग घेतला की त्यांचा पाय दाणकन खडकावर.

"बाबा, पाय कशाला आपटताय?"

"मी? छे! तू वळणावर हळू घे."

अकराव्या ब्रेकला बुटानं आ वासला. लेकीनं स्वतःच्या बुटाची नाडी काढून त्यांच्या बुटाचा तळवा बांधला, तर आता तिचा बूट पायातून निघायला लागला. एक फटफट, एक सटकसटक. तासाच्या वाटेला अडीच तास लागले, आणि दोघं कडा उतरून वाळूच्या पट्ट्याशी पोचली तेव्हा तिथे वाळू नव्हती. समुद्र होता.

"परत वर चढू," मास्तर म्हणाले.

"ह्या बुटांनी? कपाळमोक्ष होईल. पाणी उतरेपर्यंत बसा आता गपचूप."

मास्तर बसले ते नेमके अंड्यांच्या पिशवीवर.

आता पळायला जागाच नव्हती. लेक म्हणाली, "लांबच्या बंदरावर नोकरी आहे. क्रेन चालवायची. तीन वर्षं. तुम्ही हो म्हणालात तरच जाते."

आई गेल्यापासून घरात दोघंच. मास्तर चपट्या अंड्याचं साल कणाकणानं काढत राहिले.

"उंच असते?"

"पंधरा मजले."

"ब्रेक?"

"आहे की."

"शेजारी सीट?"

"नाही हो बाबा. एकच असते."

"मग शिकवणारा कुठे बसतो?"

"खाली. वायरलेसवरून सांगतो."

"पोरगी पंधरा मजले वर, आणि हा खाली?" मास्तरांना हे शास्त्र काही पटेना. "त्याला रात्री झोप लागते?"

"लागत असेल. सवयीनं."

चार वाजून गेल्यावर पट्टा उघडा पडला. पलीकडची वाट पुन्हा एकाच माणसापुरती. लेक आपण होऊन कडेला सरकली, बाबांना शेजारी जागा करून द्यायला.

"तू हो पुढे," मास्तर म्हणाले. "मी येतो मागून." मग घसा खाकरून, "आणि तिकडेही जा. तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

ती पुढे झाली. चालता चालता तिनं बाहीनं डोळे पुसले. ते मास्तरांनी पाहिलं, आणि समोर बघून चाल, असं काही ते म्हणाले नाहीत.

बंदराला होकाराचं पत्र लेकीनं आदल्या गुरुवारीच पाठवलं होतं.